साडेनऊचे तेरा

ओलावी केत्तुनेन माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. इथल्याच वान्ता विमानतळावर त्याने चौतीस वर्षं विमानांचे मार्ग आखले आणि निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही. लिफ्टमध्ये भेटला की कुणी विचारलेलं नसताना सांगतो, इथून लिमा किती, केपटाउन किती. घरी पृथ्वीचा गोल आहे, त्यावर दोरा ताणून तो उरलेली शहरं संपवतोय. त्याची बायको गेली तेव्हा मी भेटायला गेले, तर त्याने मला कॉफी दिली आणि रेक्याविकचं अंतर सांगितलं. फार वाईट वाटलंय बिचाऱ्याला, हे मला त्यावरूनच कळलं.

मुलगी साइमी ओसाकात असते. पूर्वी दर उन्हाळ्यात यायची, साडेनऊ तासांत. मग रशियाचं आकाश बंद झालं, विमानं वळसा घालून जायला लागली आणि साडेनऊचे तेरा झाले. तेव्हापासून चार वर्षं ती आलेली नाही.

सप्टेंबरात एका सकाळी त्याने माझी बेल वाजवली. आठवडाभर कुंड्यांना पाणी घालशील का, म्हणाला. कुठे चाललास विचारलं, तर म्हणे मंगळवारी हृदयाची झडप बदलायची आहे. साइमीला सांगितलंस? नाही. ती जवळ असावी असं वाटतं? वाटतं. मग बोलाव की.

"तेरा तास लागतात," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. तशीच त्याच्या मागोमाग खाली गेले आणि फोन लावल्याशिवाय हलणार नाही म्हणून त्याच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं. त्याने आधी कॉफी केली, मग बन गरम केले, मग टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं. शेवटी नंबर लावला, स्पीकर मी चालू केला.

तिकडच्या हवेबद्दल बोलून झालं, इकडच्याही. मग साइमीने हळूच विचारलं, येऊ का रे, बाबा? आणि हा गाढव म्हणाला, सरळ रेषेतलं अंतर पूर्वीचंच आहे, पावणेआठ हजार किलोमीटर, पण वळशामुळे तेरा तास. समोरून वारा असला तर सव्वातेरा.



"चार वर्षं मी विचारतेय, येऊ का," साइमी म्हणाली. "दर वेळी तू तास सांगतोस. मला वाटलं, मी आलेली तुला नकोय."

"तुला त्रास होईल म्हणून सांगत होतो," ओलावी म्हणाला. मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. त्याने कप बाजूला सरकवला. "ये. मंगळवारच्या आत ये. माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. मला भीती वाटतेय, साइमी."

पलीकडून कीबोर्डची बटणं दाबल्याचा आवाज आला, ती तिकिटं बघत होती. रविवारी दुपारी पोचते, ती म्हणाली. ओलावीने बरं म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"तू आता घरी जा," तो म्हणाला. "मला जरा रडायचंय."

मी गेले.