यमुनेच्या आईचं पाप

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही. देवीला तरी सांगितलं का? नाही. तिच्यापुढं मी नुसते हात जोडत आले.

मी तेव्हा नऊ वर्षांची. शहापुरात आमच्या घरी दोन माग होते. आप्पा आणि काका लुगडी विणायचे, आणि शेजारची विधवा गंगूआक्का आमच्याच सोप्यात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिची यमुना माझ्याच वयाची. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो.

त्या नवरात्रात अष्टमीला कुमारिका म्हणून माझं नाव निघालं. देवळात पाटावर बसवणार, पाय धुणार, मोठी माणसं पाया पडणार. आई म्हणाली होती, त्या दिवशी देवी तुझ्यात येऊन बसती. मला ते हवं होतं — फार हवं होतं. खणाचा नवा परकरही हवा होता, खोटं कशाला बोलू? पण देवीही हवी होती.

सप्तमीच्या सकाळी मागाच्या खड्ड्यात, जिथं आप्पा पाय सोडून बसत, तिथं मेलेला उंदीर दिसला. त्या दिवसांत याचा अर्थ पोरीबाळींनाही ठाऊक होता. उंदीर पडला म्हणजे प्लेग आला. घर सोडायचं, शेतात झोपडी घालून राहायचं. मग कसली अष्टमी?

मी ओरडायला हवं होतं. घरात सगळी होती — एक हाक पुरली असती. मी तो करवंटीत घेतला, परसात गेले आणि भिंतीपलीकडं टाकला. पलीकडं गंगूआक्काचा उकिरडा.

अष्टमीला माझे पाय धुतले. गंगूआक्काही रांगेत होती. तिनं माझ्या पायावर डोकं टेकलं.

दसऱ्यानंतर तिला ताप भरला, काखेत गाठ आली, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. मग सारी गल्ली झोपड्यांत राहायला गेली. उंदीर तिच्या घरातही पडले असतील, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं! पडले असतील. पण मला जे ठाऊक होतं, ते मी बोलले नाही.

प्लेग ओसरून घरी परतलो, तशी मी देवीच्या मागे लागले. मंगळवार धरले, गोड सोडलं, पहाटे गार पाण्यानं अंघोळ करून प्रदक्षिणा घातल्या. मला खरोखर तिच्या जवळ जायचं होतं — पण तोंड न उघडता. लोक म्हणत, "पोरगी लई देवभोळी." ते ऐकून मला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं.

यमुनेला तिचा मामा निपाणीकडं घेऊन जाणार होता. आदल्या दिवशी ती देवळात आली. माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "देवी तुझं ऐकती. इचार की गं तिला, माझ्या आयनं काय पाप केलतं?"

तेव्हा सांगता आलं असतं. ओठावर आलंही होतं — आलं होतं का? की आता मला तसं वाटतं? मी म्हणाले, "मागच्या जन्माचं असंल."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. मी सांगितलं होतं ना.

पुढं तिचं लग्न निपाणीतच झालं. तीसेक वर्षांनी एका लग्नात ती भेटली. पंगतीत तिनं पानातलं मीठ बाजूला सारलं. मी विचारलं तशी म्हणाली, "शुक्कारी मीठ खात न्हाय मी. आयचं मागल्या जन्माचं पाप फिटंस्तवर. तूच सांगितलंतंस न्हवं?"

माझे केस तोवर पिकू लागले होते. आप्पा नव्हते, आई नव्हती, मला रागावणारं कुणीच उरलं नव्हतं. भिण्यासारखं काय होतं?

मी म्हणाले, "चांगलं करतीस गं," आणि तिच्या पानातलं ते मीठ माझ्या भातावर घेऊन जेवले.