बारकीचा रीमिक्स आणि माझी ए बाजू

बारकी माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. स्वभावानं चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात वाईट कोण हे शोधण्यात कुणाचा वेळ जायला नको. वाईट मी आहे.

बारकी हे घरातलं नाव. प्रत्यक्षात ती चौतीस वर्षांची आहे, आमच्या दारातून आत येताना मान वाकवते आणि लिफ्ट दुरुस्त करते. शहरातल्या चाळीसेक इमारतींच्या लिफ्ट तिच्याकडे आहेत. मोटर कुरकुरायला लागली की ती लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवते, मूठ कानाला लावते, डोळे मिटते आणि सांगते, "अजून तीन महिने काढेल." आणि ते मेलं बेअरिंग खरंच तीन महिने काढतं.

मीसुद्धा कानांवरच जगते. एका स्टुडिओत नोकरी करते. लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, आणि त्यातले त्यांचे श्वास, आवंढे, जिभेचे चिकट आवाज मी दिवसभर कापत बसते. त्यासाठी दोन वर्षं रीतसर शिकले आहे. भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र आहे, सासूबाई ते दर रविवारी पुसतात. उरलेल्या वेळात मी माझं संगीत करते. त्याला बेस म्युझिक म्हणतात. त्यात बहुतेक वेळा गाणारं कुणी नसतं, सगळा खेळ खालच्या जाड आवाजाचा. तो कानाच्या आधी छातीला कळतो.

माझी गाणी 'हादरा' नावाच्या एका छोट्या लेबलवर येतात. लेबल म्हणजे काय, तर टी-शर्ट छापणारा एक गृहस्थ आणि त्याची हौस. त्याला आम्ही मालक म्हणतो आणि तो खूश होतो. दर महिन्याला तो एक नवीन सिंगल काढतो, आणि त्याच्या जोडीला एक रीमिक्स, म्हणजे तेच गाणं दुसऱ्या कुणीतरी मोडून आपल्या पद्धतीनं पुन्हा बांधलेलं. मालकाला ऐकणं कळतं, बटणं कळत नाहीत. त्यालाही ते मान्य आहे.

बारकीला या सगळ्यात आणलं मीच. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी ती माझ्या खोलीच्या दारात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, हा खालचा आवाज कुठून काढतेस?" मला काय उत्साह आला. पंगतीत वाढावं तसं वाढलं मी तिला. माझा जुना लॅपटॉप दिला, एका कानाला खरखरणारे जुने हेडफोन दिले, दुपारभर शिकवलं. ती माझी एकुलती एक शिकवणी. एकच. दुसरी तिनं मागितली नाही, कारण तिला गरजच पडली नाही.

दीड वर्षानं तिचा पहिला रीमिक्स आला. नाव घेतलं 'खालचा मजला'. मला वाटलं, चार लोक ऐकतील, आपण तोंड भरून कौतुक करू, संपलं. तर लोकांनी तो उचलूनच धरला. त्यानंतर तिचं काही नवीन आलं की मी पहिल्या दिवशी कितीजणांनी ऐकलं ते बघायची, मग माझं बघायची, मग पुन्हा तिचं. हे दर तासाला. कामावर श्वास कापता कापता. नवऱ्याला एकदा म्हटलं, "तुझ्या बहिणीला साधं बटण कशाचं आहे ते माहीत नसतं." तो म्हणाला, "हो ना," आणि पाणी प्यायला गेला. तो माणूस अशा वेळी फार पाणी पितो.

आणि सासूबाई. एकदा दोघींची गाणी पाठोपाठ लागली. मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाल्या, "बारकीचं लागलं की पाय आपोआप हलतात बघ." मी म्हटलं, "आणि माझं?" त्यांनी जरा विचार केला. "तुझं ऐकायला छान आहे." त्या दिवशी माझ्या अंगाची जी लाहीलाही झाली, ती अजून निवलेली नाही.

तर गोष्ट अशी. हादराची गाणी एरवी फोनवरच ऐकायची. पण वर्षातून एकदा मालक एक खरीखुरी तबकडी काढतो, तीनशे प्रती. एका बाजूला मूळ गाणं, दुसऱ्या बाजूला रीमिक्स. सात वर्षांत माझं एकही गाणं तबकडीवर आलं नव्हतं. या वर्षी त्यानं माझं 'तिसरं वळण' निवडलं, आणि रीमिक्ससाठी बारकीला. वर म्हणाला, "ए बाजूला कोण जाणार ते दोन्ही ऐकून ठरवू. जे जास्त हलवेल ते."

आता ए बाजू म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. दुकानात लागते ती ए बाजू. वाजवणारे लोक सुई टेकवतात ती ए बाजू. बी बाजू म्हणजे लग्नात नवरीसोबत आलेली करवली. माझंच गाणं, आणि त्यात करवली मी? छे.

रीमिक्स करणाऱ्याला गाण्याचे तुकडे वेगवेगळे द्यावे लागतात. ढोल एका फाइलमध्ये, टाळ्या दुसरीत, सूर तिसरीत. माझ्या गाण्याचे नऊ तुकडे होते. सगळ्यात तळाचा बेस, त्या फाइलचं नाव मी 'खालचा' असं ठेवलं होतं. त्याच्यावर माझा पाच महिन्यांचा जीव गेला होता. फाइली काढायला बसले, आणि सगळं नीट लावल्यावर मी बेसच्या शेजारचं म्यूटचं बटण दाबलं. दाबलं म्हणजे दाबलं, हात लागला वगैरे काही नाही. म्यूट करून फाइल काढली की फाइल येते, नाव येतं, लांबी पूर्ण येते, आत मात्र काही नसतं. नुसती आडवी रेघ. आमच्या धंद्यात ही चूक ज्याच्यात्याच्याकडून होते, त्यामुळे कुणी संशय घेत नाही. मी उत्तरही तयार ठेवलं होतं: "अगं बाई, म्यूट राहिला वाटतं, पाठवते हं." आणि मग मी पाठवणार होते शेवटच्या दिवशी. घाईत काय होतं ते मला माहीत आहे.

फोन आलाच नाही. आठ दिवस झाले, दहा झाले. मी मुद्दाम विचारलं, "मिळालं ना सगळं?" ती म्हणाली, "मिळालं वहिनी, मस्त मिळालं." मला घास गोड लागेना.

अकराव्या दिवशी दुपारी मालकाच्या कारखान्यात आम्ही तिघं जमलो. दोऱ्यांवर ओले टी-शर्ट, शाईचा वास, कोपऱ्यात माणसाएवढे दोन स्पीकर. आधी माझं लावलं. मालकानं मान डोलावली. मग बारकीचं. सुरुवातीला माझेच सूर, माझ्याच टाळ्या, आणि मग खालून काहीतरी यायला लागलं. लांबून, जड, सावकाश, जवळ आलं, पायाखालून गेलं आणि दूर गेलं. टेबलावरच्या छपाईच्या चौकटी खडखडल्या. मी विचारलं, हे काय आहे.

"लिफ्ट वर जाते तेव्हा पलीकडून वजन खाली येतं ना," बारकी म्हणाली, "ते रुळावरून घसरतं त्याचा आवाज. रुळाला माइक चिकटवला आणि नंतर चौपट सावकाश केला."

मालक एक शब्दच बोलला. "ए."

मी तिथल्या तिथे विझले. आणि तेवढ्यात बारकी म्हणाली, "नाही. ए बाजूला वहिनीचंच जाणार. तिनं मला तळ मोकळा करून दिला. बेसची फाइल दिली, नाव 'खालचा', आणि आत पूर्ण शांतता. म्हणजे माझं नाव घालून जागा ठेवली होती माझ्यासाठी. स्वतःचा बेस काढून कोण देतं हो असं?"

तिला खरंच माहीत नव्हतं. रीतसर शिकलेल्या कुणीही ती रेघ बघून लगेच म्हटलं असतं, म्यूट राहिला. तिला वाटलं होतं, चूक असती तर फाइलच आली नसती. आणि मालक, ज्याला बटणं कळत नाहीत, माझ्याकडे असा बघत होता की मला माझ्या चपला कुठे आहेत ते शोधावंसं वाटलं. म्हणाला, "वहिनी, मानलं तुम्हाला." मी हसले. काय करणार होते?

तर अशी मला ए बाजू मिळाली. दोन महिने घरात माझ्या मोठ्या मनाचा डंका. सासूबाई शेजारणीला जिन्यात थांबवून सांगायच्या. नवरा पाणी न पिता कौतुक करायला लागला. आणि माझा जळफळाट कमी व्हायचा सोडून दुप्पट झाला. आधी ती माझ्यापेक्षा चांगलं गाणं करत होती, आता माझ्यापेक्षा चांगली माणूसही ठरली होती. जिंकले होते मी, आणि जिंकलेलं तिनं माझ्या ताटात वाढलं होतं.

तबकडी छापायला जायची त्या दिवशी मालकानं मला मधल्या गोल कागदाचा नमुना दिला. दोघींनी शुद्धलेखन बघून पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं. बारकी कामावर होती, चौदा मजली कार्यालयाच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. लिफ्ट अर्थात बंद. तिनंच बंद केलेली. चौदा मजले चढून गेले मी, दर मजल्यावर तिला एक शिवी देत.

खोली लहान होती. मधे मोटर, तिच्यावरून खाली गेलेले दोर, भिंतीला बटणांची उघडी पेटी. मुख्य स्विचला बारकीनं स्वतःचं कुलूप घातलं होतं, मोटर कुणी चुकून सुरू करू नये म्हणून. तिनं हात पुसले आणि कागद घेतला. ए बाजू, तिसरं वळण. बी बाजू, तिसरं वळण, खालचा मजला रीमिक्स. त्याच्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, मी ती जिन्यात वाचली नव्हती, दम खात होते. 'जागा मोकळी करून देणाऱ्या वहिनीस.'

"मालकाला मुद्दाम घालायला सांगितली," ती म्हणाली. "बरोबर आहे ना?"

"नाही," मी म्हटलं. "जागाबिगा काही दिली नाही मी तुला. म्यूट केला होता बेस. हातानं. तुला जमू नये म्हणून."

तिनं कागद खाली घेतला. "विसरून?"

"मुद्दाम म्हटलं ना! तू माझ्यापेक्षा चांगलं करतेस, आणि मला ते बघवत नाही. साडेचार वर्षं बघवत नाही. एका दुपारी शिकवलं तुला मी, एका दुपारी. आणि आता मला मोठ्या मनाची म्हणत फिरू नकोस, माझा जीव जातो त्यानं."

बारकी अवजारांच्या पेटीवर बसली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर पाना घालेल डोक्यात. दोन्ही मला चाललं असतं.

"मला वाटलं, तुला माझी कीव आली," ती म्हणाली. "लहान पोराला रंगवायला चित्राची वही देतात तसं, सोपं करून दिलंस. बोलायला मी छानच बोलले, जागा दिली वगैरे. पण आत लागत होतं गं. म्हणून तर ए बाजू नको म्हटलं. उपकाराच्या गाण्याला कुठली ए बाजू?" मग तिनं मान वर केली. "घाबरलीस तू मला?"

"हो."

"खरंच? तू?"

"हो म्हटलं ना एकदा."

तिनं खिशातून फोन काढला. "मालक, बाजू बदला. ए ला माझं टाका. हो, नक्की. वहिनी इथंच आहे, तिलाच विचारा." आणि फोन माझ्या हातात देऊन पाठ फिरवून पेटीचे स्क्रू आवळायला लागली. मालक विचारत होता, हे काय नवीन, तुम्हाला चालतंय का, रागावला नाहीत ना. सात वर्षं वाट बघितलेली ए बाजू, आणि ती मी चौदा मजले चढून स्वतः घालवायला आले होते.

"रागावलेय," मी म्हटलं. "पण टाका तिचं. तिचं माझ्यापेक्षा चांगलं आहे."

ती स्क्रू आवळायची थांबली.

"वहिनी, जरा मोठ्यानं सांग त्याला," बारकी पाठमोरीच म्हणाली. "मोटरच्या आवाजात ऐकू गेलं नसेल."

मोटर बंद होती. मी मोठ्यानं सांगितलं.