नगीनभाईंचं सेटिंग

अंकलेश्वरच्या त्या रंगाच्या कारखान्यात वाल्व्ह थरथरायला लागला की एकच नाव निघायचं, नगीनभाई घडियाळी. रिअ‍ॅक्टरचं तापमान जरा चढलं की थंड पाण्याचा वाल्व्ह उघडायचा, जरा उतरलं की मिटायचा, आणि दिवसभर ही उघडझाप करून स्वतःच झिजायचा. नगीनभाई वाल्व्ह आपोआप चालवणाऱ्या पीआयडी कंट्रोलरचं सेटिंग उघडून बसायचे, चहा पीत पडद्यावरची रेघ न्याहाळायचे आणि ठरवायचे, एवढ्या चढउताराकडे यंत्रानं ढुंकून बघायचं नाही. कुठे अर्धा अंश, कुठे एक. वाल्व्ह गप्प व्हायचा. या कामाची त्यांना थोडी घमेंडही होती.

दुपारी त्यांच्या बायकोचा, कपिलाबेनचा, फोन यायचा. दूध नासलं, गुडघा धरलाय, शेजारच्या मांजरीनं पापड पाडले. शिफ्टचे मुख्य ठाकोरभाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "घ्या, भाभींचा अलार्म वाजला." लोक हसायचे, नगीनभाई ओशाळायचे. शेवटी एकदा खिचडी-कढी जेवताना त्यांनी तिला बजावलं, किरकोळ गोष्टीला फोन करायचा नाही. ती रुसली नाही की भांडली नाही. फोन यायचे थांबले आणि नगीनभाईंना हायसं वाटलं. अगदी मनापासून हायसं वाटलं.

त्या सकाळी कपिलाबेन दारापुढच्या ओट्यावर छाती चोळत बसलेली शेजारच्या मंजुलाबेननं पाहिली. अंगाला घाम सुटला होता. फोन लावू का, असं मंजुलाबेननं विचारलं. कपिलाबेन म्हणाली, "नको गं. केतनच्या पप्पांना किरकोळ गोष्टीला फोन केलेला चालत नाही. ओवा चावते, जाईल."

शिफ्ट संपवून नगीनभाई घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता.

हे सगळं मंजुलाबेननं बेसण्यात, सांत्वनाला जमलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या भरल्या बैठकीत सांगितलं. बिचारीच्या मनात काही नव्हतं. नगीनभाईंनी ऐकून घेतलं आणि पुढे आलेल्या माणसाला हात जोडले. ते तेव्हा रडले नाहीत, नंतरही नाहीत. मुलगा केतन सुरतेहून आला तसा परत गेला. नगीनभाई जेवत होते, झोपत होते, कंपनीची बस पकडत होते. आत काही हलत नव्हतं, आणि हलत नाही याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

कारखान्यात नवा रिअ‍ॅक्टर सुरू झाला होता आणि त्याचा वाल्व्ह स्थिर राहीना. ठाकोरभाईंनी ते काम मुद्दाम नगीनभाईंसाठी राखून ठेवलं होतं. माणूस कामात गुंतला की सावरेल, असा त्यांचा हिशेब. त्यांनी चहा मागवला, सेटिंग स्वतः उघडून दिलं आणि विचारलं, "बोला नगीनभाई, किती चढउतार सोडून द्यायचा? अर्धा अंश टाकू?"

नगीनभाई पडद्याकडे बघत राहिले. एरवी हा आकडा त्यांनी झोपेतही सांगितला असता. आता मनात येईल तो आकडा त्यांना जास्त वाटत होता. चहा निवून गेला.

"नका टाकू," ते म्हणाले.

"मग किती?"

"काहीच सोडायचं नाही. जरा हललं तरी कळलं पाहिजे."

ठाकोरभाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज उतरवला. "अहो, तुम्हाला मी काय सांगायचं? दिवाळीच्या आत झिजून जाईल हा."

"झिजू द्या," नगीनभाई म्हणाले. "वाल्व्ह बदलता येतो."