डुकरांचं खाणं चाखणाऱ्या डॉक्टरीणबाई

डॉक्टरीणबाई डुकरांचं खाणं आधी स्वतः चाखायच्या. चिमूटभर भरडा जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि बाजूला थुंकून निकाल द्यायच्या, "मक्याला बुरशी आहे. पोतं परत पाठव." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारीच आली. बाई म्हणाल्या, "त्यांच्या पोटात घालायचं आणि आपण नाक मुरडायचं होय गं?" पदरानं तोंड पुसून मोकळ्या!

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन बाई नवीन पनवेलला एकट्याच राहायच्या. माझी शेड जवळच्याच विचुंबे गावाच्या पलीकडे. आमच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, एक तुकडा तेवढा उरला. नवरा गेल्यावर तिथे मी डुकरं पाळली. माझं पोट त्यांच्यावर. दिराला मात्र ते डोळ्यांसमोर नको होतं, आणि जागेवर त्याचंही नाव.

त्यात पिल्लांना तापाची साथ आली. खोकायला लागली, खाईनात, नुसती एकमेकांच्या अंगावर पडून राहायची! दीर फाटकातूनच म्हणाला, "वयनी, नाताळाआधी ही विकण्यासारखी झाली नाय, तर शेड मोडायची. बिल्डर कवाचा मागं लागलाय." मी तडक बाईंना बोलावलं.

बाई आल्या त्या पिशवीत स्वतःचे गमबूट घेऊन. फाटकापाशी ते चढवले, औषधाच्या पाण्यात बुडवले, मगच आत पाऊल टाकलं. पिल्लं तपासून म्हणाल्या, "विषाणूचा ताप. यावर औषध नाही. इंजेक्शन देते, ते दुसरं दुखणं वर चढू नये म्हणून." मग खाण्याच्या कुंडीत बोट बुडवून त्यांनी चाखलं. "हे काय?"

"पेज. ताप हाय ना त्यांना!" मी म्हटलं. आमच्याकडे तापात माणसालाही पेजच देतात, दुसरं कुणाला सुचतंय!

बाई कडाडल्या, "अगं ए शहाणे! वाढत्या वयाची पोरं ती. तापाशी झगडताना अंगचं मांस जाळतायत, आणि तू त्यांना पाणी पाजतेस? भूक मेलीय, म्हणजे जाईल त्या घासात दम हवा."

त्यांनी सगळं बदललं. भरड्यात सोयाबीनची पेंड वाढवली, थोडं तेल घातलं, कोमट पाण्यात मऊ कालवायला लावलं. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा द्यायचं. उरलेलं आंबायच्या आत उचलायचं, कुंडी घासायची. हॉटेलचं खरकटं कायमचं बंद. मी कुरकुरले की म्हणायच्या, "तुझ्या पोराला ताप असता तर कंटाळली असतीस का?" एक पिल्लू काही केल्या तोंड उघडेना. बाई बादली पालथी घालून बसल्या आणि बोटानं त्याच्या ओठांना घास लावत राहिल्या. "खा रे बाळा, रुसू नको." इतका गोड आवाज त्यांनी माझ्यासाठी कधी काढला नाही, हो!

काही पिल्लं गेलीच. ती पुरताना बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. बाकीची मात्र सावरली, खायला भांडायला लागली, बरगड्या दिसेनाशा झाल्या. नाताळाआधी व्यापारी टेम्पो भरून घेऊन गेला. दिराने पुन्हा बिल्डरचं नाव काढलं नाही, उलट खाण्याची पोतीही तोच आणून द्यायला लागला.

गेल्या वर्षी बाईच तापाने आडव्या झाल्या. कामवाली पेज देत होती, बाई तोंड फिरवत होत्या. मी मुगाची मऊ खिचडी केली, वर तूप सोडलं आणि घेऊन गेले. चमचा पुढे केला तर म्हणाल्या, "आधी तू चाख."

चाखली. "मीठ कमी हाय," मी म्हटलं.

"मग? डुकरांना दिली असतीस अशी?"

हसू आलं आणि रडूही. मीठ घालून आणलं. दोन घास खाल्ले त्यांनी, तिसऱ्याला हात आडवा केला. "तिकडे शेडवर सगळ्यांनी खाल्लं ना गं?" त्या आठवड्यातच बाई गेल्या. आई गेली तेव्हा तुटलेलं माझं माहेर दुसऱ्यांदा तुटलं.

परवा नवीन पोती घेऊन दीर टेम्पोतून आला. फाटकापाशी औषधाच्या पाण्यात बूट बुडवून आत आला. मी पोतं उसवलं, चिमूटभर भरडा तोंडात टाकला. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा.

"कसा हाय, वयनी?"

"कडू लागतोय."

त्यानं वाकून स्वतः चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, थुंकला, आणि पोतं खांद्यावर घेऊन परत टेम्पोत टाकलं.