बिनचूक मेसेज

मला इंग्रजीचं भेव आहे. भीती म्हणत नाही, भेवच म्हणते. भीती समजावली की जाते, भेव पोटात घर करून बसतं. शाळेत आमच्या सरांना सारखे दिसणारे इंग्रजी शब्द जोडीजोडीनं विचारायची हौस होती. कोणता क्वाएट आणि कोणता क्वाइट, कोणत्या लूजमध्ये एक ओ आणि कोणत्यात दोन. डेझर्टमध्ये एक एस असला तर वाळवंट, दोन असले तर जेवणानंतरचं गोड. आमच्या जंगलातल्या गावात वाळवंटही नव्हतं आणि जेवणानंतरचं गोडही नव्हतं, पण मार दोन्हींचा खाल्ला. पुढे मी पदवी घेतली, टायपिंग शिकले, आणि आरमोरीतल्या एका ऑफिसात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. भेव माझ्यासोबत नोकरीला आलं.

ऑफिस वनखात्याचं, काम जंगलाचं. कुठे वाघ दिसला, पंजे दिसले, की गार्ड मला फोन करतो आणि मी गावांच्या ग्रुपवर मेसेज टाकते. मी हात चालेल तसं लिहायची. इंग्रजी अक्षरांत मराठी, मधे मधे इंग्रजी शब्द, सगळ्यांची हाडं मोडलेली. लोक लगेच विचारायचे, "कुठी ताई?" कुणी लिहायचं, "हाव ताई, सांगतो सगळ्याइले." माझं चुकलेलं कुणाला कधी खुपलं नाही, कारण तेही तसंच लिहायचे.

मग नवे साहेब आले. ते दूरच्या राज्यातले, माणूस वाईट नव्हता. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी माझा एक मेसेज पडद्यावर मोठा करून दाखवला. वाघ मोकळा फिरतोय असं मला म्हणायचं होतं, आणि मी नको तो लूज लिहिला होता. "वाघ हरवला आहे का, मॅडम?" त्यांनी विचारलं. सगळे हसले. शिपाईसुद्धा हसला, ज्याला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. साहेब शांतपणे म्हणाले, मेसेज वरपर्यंत जातात, ऑफिसची इज्जत असते. माझं कंत्राट त्याच महिन्यात वाढायचं होतं. माझे कान शाळेतल्यासारखे गरम झाले.

त्या दिवसापासून मी प्रत्येक शब्द फोनच्या डिक्शनरीत पाहून लिहू लागले. मग फोनलाच वाक्य तपासायला लावू लागले. मेसेज असे देखणे व्हायला लागले की वाचून मलाच कौतुक वाटायचं. सुट्टीत घरी गेले तेव्हा मायला हे सांगितलं. माय चुलीपुढे होती. "इंग्रजीले काऊन भेतेस वं?" ती म्हणाली. "वाघासारखं धरते का ते?" मी म्हटलं, धरतं. ती हसली नाही, तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

मोह फुलायला लागला की आमच्या गावच्या बाया उजाडायच्या आधीच जंगलात असतात. फुलं पहाटे गळतात, उशीर केला तर ढोरं खातात. वेचायचं म्हणजे वाकायचं, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. म्हणून आमच्याकडे एक बाई झाडाला पाठ लावून उभी राहते आणि थोड्या थोड्या वेळानं हाक मारते. वाकलेल्या बाया खालूनच ओ देतात. एखादीची जरी ओ आली नाही, तरी सगळ्या उठतात. लहानपणी मीही त्या हाकेला ओ दिली आहे. ओ देऊन झाल्यावर पुढच्या हाकेपर्यंत जे वाटतं, ते मी कुणाला सांगू शकलेले नाही.

त्या पहाटे गार्डचा फोन आला तेव्हा मी आरमोरीतल्या खोलीत चहा ठेवत होते. वाघीण पिल्लांसह बैलगाडीचा रस्ता ओलांडून नाल्याकडे गेली होती. तो आमच्या गावचा नाला होता आणि त्याच्या काठावर आमची मोहाची झाडं होती. मी चहा तसाच गॅसवर ठेवला आणि बिनचूक इंग्रजी लिहिलं. तपासलं. पाठवलं.

ग्रुपवर कुणीतरी जोडलेले हात टाकले. त्याखाली गुलाबाच्या फुलाचं गुड मॉर्निंग आलं. मग एक अंगठा. "कुठी ताई?" आलं नाही. मी फोनकडे बघत राहिले, आणि चहा उतू गेला. आधी मला काही कळलं नाही, मग कळलं, मेसेज कुणी वाचलाच नव्हता.

गावच्या बचाव पथकातल्या एका भाऊंना फोन लावला. पथक म्हणजे गावातलीच माणसं, काठ्या आणि वाजवायचे डबे घेऊन धावणारी. "मेसेज वाचला का, भाऊ?"

"कोणता? तो मोठा इंग्रजीवाला? तो तुमचा होता का? आमाले वाटलं सरकारचा फॉरवर्ड आहे. तसे रोजच येऊन राह्यले."

"बाया कुठी आहेत?"

"गेल्या ना मोह वेचाले. तुमची माय पण गेली."

त्यांनी फोन ठेवला तो पळण्यासाठी. पण ते गावाच्या एका टोकाला, पथकातले बाकीचे पांगलेले. मी ग्रुपवर पुन्हा लिहिलं. काय लिहिलं ते मला लिहिताना दिसत नव्हतं. वाघीण नाल्यावर, सोबत बच्चे, बायाइले आना, माझी माय आहे तिथी. एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला होता. बोट उचललं नाही तोच उत्तरं यायला लागली. कुठी ताई. निघालो ताई. डबे घ्या रे.

मग काहीच आलं नाही. माणसं धावत असली की लिहीत नाहीत, हे मला माहीत होतं, तरी मी स्क्रीन विझू दिली नाही. मायची पाठ डोळ्यांपुढून जात नव्हती. वाकली की तिच्या पाठीचं हाड पातळाखालून दिसतं. मी देवाला काहीबाही कबूल केलं, आणि ते सगळं मराठीत होतं.

ऊन खोलीत आलं तेव्हा भाऊंच्या फोनवरून माय बोलली. "मी आहे वं," एवढंच आधी म्हणाली. मी रडले. रडता रडता तिच्यावर ओरडलेही. मग ती म्हणाली, "भाऊ पळत आले, म्हणे वाघीण आहे. मी म्हटलं, कोण सांगते? फॉरेस्टवाले तर रोजच सांगतात. एक झाड वेचू द्या मले, नाल्याजवळचं. तर त्याइनं तुझं लिवलेलं वाचून दाखवलं. माझी माय आहे तिथी, म्हणे. मंग टाकली टोपली."

दुपारी गार्डनं फोटो पाठवला. नाल्याजवळचं झाड, खाली आडवी पडलेली टोपली, फुलं सांडलेली. ओल्या मातीत पंजे. एक मोठा माग, त्याच्या आजूबाजूला लहान. मोठ्या मागातला एक पंजा सांडलेल्या फुलांवरच उमटला होता.

साहेबांनी मला आत बोलावलं. सकाळचे दोन्ही मेसेज त्यांनी पाहिले होते. दुसऱ्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मायची मात्र विचारपूस केली. मग म्हणाले, फोटो वर पाठवायचा आहे, खाली चार ओळी लिहा. मी बसले. स्पेलिंगला किंमत नाही असं मी आजही म्हणणार नाही. आमच्याकडे नावातलं एक अक्षर चुकलं की मेलेल्या माणसाची भरपाई अडते. मी प्रत्येक शब्द पाहिला, तपासला, पुन्हा वाचला. वाघीण, पिल्लं, नाला, जीवितहानी नाही, एक टोपली आढळली. एकही चूक नव्हती. टोपली कुणाची, ते लिहायला त्यात जागा नव्हती.