उरलेली पोळी

आमच्याकडे नवीन आलेलं पिल्लू अर्धीच पोळी खातं. उरलेली तोंडात धरून दाराशी नेतं, पायपुसण्याखाली नाकाने ढकलतं आणि तिथेच बसून राहतं. संध्याकाळी दमून घरी आलो की माझा पाय त्या वातड तुकड्यावर पडतो. वाकून तो उचलायचाही आता कंटाळा येतो.

"कुत्र्यांना पुरून ठेवायची सवयच असते," मी बायकोला म्हणालो.

"भावंडांसाठी ठेवत असेल," ती कणीक मळता मळता म्हणाली. "ती इथे नाहीत, हे अजून कळलं नसेल त्याला."

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, त्याला वर्ष होत आलं. तरी हिच्या हाताचा कणकेचा जुना अंदाज सुटत नाही. लांब गेलेल्या माणसाचा वाटा घरातून इतक्या लवकर जात नसावा. आमची जेवणं झाल्यावर डब्यात एक पोळी उरतेच. तीच आम्ही पिल्लाला घालतो.

आज तो तुकडा उचलून कचऱ्यात टाकायला निघालो, तर पिल्लू माझ्याकडे बघत होतं. मी तो होता तिथे परत ठेवला. आत बायको पोळ्या लाटत होती. एक कमी कर, हे सांगायचं मी आजही टाळलं.