रिकाम्या पालखीमागचे सरदार

पुण्याने मोहिमा पाहिल्या, आगी पाहिल्या. पण आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या सरदारांनी नारायण पेठेला जो हादरा दिला, तो एकाही शत्रूला जमला नसता. एके सकाळी त्यांची पालखी निघाली. भोई पुढे, आत कोणी नाही, आणि मागून काठी टेकत सरदार स्वतः पायी! सडा घालणाऱ्या बायकांचे हात जागीच थांबले. सरकारने पालखीचा मान काढून घेतला असे समजून मी धावतच त्यांना गाठले. “अहो, काय झालं?”

“गुडघे,” ते म्हणाले.

बसून बसून सांधे धरले होते. रोज सावकाश चाला, नाहीतर खाट धराल, असे वैद्यांनी बजावले होते. पण सरकारने दिलेली पालखी घरी कशी ठेवावी? “पालखी सरकारची, पाय माझे. दोघांनाही फिरवतो,” हा त्यांचा न्याय. दम लागला की ते दिसेल त्या ओट्यावर बसत आणि पाणी मागत. नदीकाठी दोन्ही हात उंच करून सावकाश खाली आणत. एका भाविकाने आशीर्वाद समजून पायच धरले. कोणी भरभर चाला म्हटले, तर म्हणत, “घाई शत्रूपुढे करावी, गुडघ्यांपुढे नाही.”

त्यांचा मुलगा लाजेने अर्धा झाला. “बाबा, लोक हसतात.”

“हसू देत. मी खाटेला खिळलो तर तू रडशील, आणि पुढे कंटाळशील.”

अखेर दरबारातून कारकून आला. पालखीत बसायचे नसेल तर ती सरकारजमा करा, म्हणाला. पेठेने श्वास रोखला. सरदार म्हणाले, “उद्यापासून रिकामी जाणार नाही.”

दुसऱ्या दिवशी पालखीचे पडदे बंद होते. आम्ही हुश्श केले, तोच मागून सरदार पायीच आले! ते सावकाश येईपर्यंत मी पुढे जाऊन नदीवर स्नान उरकत होतो. पालखी टेकली, सरदारांनी पडदा सारला आणि हात पुढे केला. “ये, उतर हळूच. वाळू मऊ आहे.” आत त्यांच्या पत्नी होत्या. उघड्यावर, नवऱ्याचा हात धरून, सरदारांची बायको! मी ओल्या धोतरानिशी थिजलो. त्या मात्र दोन पावले टाकून लहान मुलीसारख्या हसल्या.

सरदार जाऊन आता बरेच दिवस झाले. पालखीही गेली. त्यांच्या पत्नी पहाटे नदीकाठी जातात, पायीच. मुलगा बरोबर असतो. लोक पाहतात, त्याची नजर आईच्या पायांवरून हलत नाही. आईचे पाऊल पडेपर्यंत आपले उचलत नाही.